शेषरावांनी दुरुस्त केलेलं कूलिंग पॅड

अकोल्यात मे महिन्यात देवापेक्षा कूलरवाल्याला मान जास्त, आणि शेषराव तीस वर्षं तो मान घेत आले होते. त्यांनी हात लावला की पंखा फिरलाच पाहिजे, अशी ख्याती. ख्याती फार झाली की माणूस दुसऱ्याला विचारणं सोडतो. शेषरावांनीही कधीच सोडलं होतं.

बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगी वर्षाली, दोघंच. पोर हुशार. एका कंपनीच्या नोकरीसाठी तिची परीक्षा होती, घरूनच, लॅपटॉपवर. मधे लॅपटॉप बंद पडला की पेपर गेला, पुन्हा उघडायची सोय नाही. लॅपटॉप जुना, तव्यासारखा तापायचा, म्हणून त्याच्याखाली पंख्याचं कूलिंग पॅड ठेवावं लागे. नेमका आदल्या दिवशी त्याचा पंखा थांबला.

"बाबा, मी अमरावतीले जाऊ काय, आत्याकडे? तिच्याइथं एसी आहे."

शेषरावांना ते झोंबलं. एसी घेतल्यापासून बहीण जयवंता त्यांना येताजाता चिडवायची, "दादा, तुहा धंदा बसला आता."

"माह्या पोरीनं गारवा उसना आणाचा काय? आण ते इकडे. असे छप्पन पंखे पाह्यले मी."

त्यांनी पॅड उघडलं. धूळ काढली, थेंबभर तेल सोडलं, सुटलेल्या वायरला सोल्डरिंगचा डाग दिला. काम चोख झालं. तेवढ्यावर थांबले असते तर! पण पंखा वर हवा फेकतो हे पाहून त्यांना हसू आलं.

"गरम वस्तूवर हवा कायले फेकाची? गरमी खाली ओढून घ्या लागते. कंपनीवाल्यायले अक्कल नाही."

आणि त्यांनी पंखा उलटा बसवला.

"बाबा, लॅपटॉप खालूनच हवा घेते. होता तसाच राहू द्या न."

"तू मले शिकवून राहिली?"

बापापुढे बोलायची त्या घरात रीत नव्हती. शेषरावांनी पॅडखाली हात धरला, चांगला वारा लागला, आणि स्वारी खूश झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पेपर सुरू झाला. लॅपटॉपनं घ्यायची हवा पॅडच खाली ओढत राहिलं. चाळीसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, पेपर काही उघडला नाही. वर्षालीनं दहादा करून पाहिलं. खालचा पंखा तेवढा झकास फिरत होता.

संध्याकाळी जयवंताचा फोन आला. शेषरावांनीच घेतला, स्पीकरवर.

"कसा गेला रे दादा, पोरीचा पेपर?"

"लाइन गेली ऐन पेपरात," ते म्हणाले. पोरीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"लॅपटॉपले तं ब्याटरी राह्यते न?"

वर्षालीनं त्यांच्या हातून फोन घेतला.

"ब्याटरी खराब होती आत्या. मीच पाह्यली नाही. माहीच चूक झाली."

फोन ठेवून ती पोळ्या करायला गेली. शेषरावांना आधी हायसं वाटलं, मग त्याचीच लाज वाटली. ताटावर बसल्यावर त्यांनी खाली मान घालून विचारलं, "खोटं कावून बोलली वं? चूक तं माही होती."

"मंग तुमी कावून नाही सांगतली?" वर्षाली म्हणाली, आणि तिनं त्यांच्या ताटात पोळी वाढली.