किफ्लाच्या पेटीतले त्रेचाळीस अंश

कल्पना करा, तुमच्यासमोर मीटरभर लांबीची काचेची पेटी आहे. आत एक अजगर. आफ्रिकेतल्या लहान जातीचा, वेटोळं घातलं तर जेवणाच्या ताटात मावेल एवढा. तुमचं काम एकच. पेटीचं उजवं टोक बत्तीस अंशांवर ठेवायचं आणि डावं सव्वीसवर. सापाला स्वतःचं अंग तापवता येत नाही. ऊब हवी असली की तो उजवीकडे सरकतो, पुरे झाली की डावीकडे. उजव्या टोकाखाली तापणारी चटई आहे, चटईला थर्मोस्टॅट आहे, थर्मोस्टॅटला सेन्सर आहे. वरच्या जाळीतून आणि बाजूच्या भोकांतून हवा येते-जाते. थोडक्यात, तुम्ही काहीच करायचं नाही.

आता हे काहीच न करण्याचं काम बुदिमिर चुरचिन यांना, म्हणजे आमच्या बुदाकाकांना, देऊन बघा.

सर्बियाच्या सपाट उत्तर भागातल्या आमच्या शहरात बुदाकाकांनी चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. अख्ख्या शहराच्या इमारतींना गरम पाणी पुरवणारा बॉयलर. पंधरा ऑक्टोबरला चालू, पंधरा एप्रिलला बंद. मधल्या सहा महिन्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं बनियनवर बसायची आणि आठव्यावरची कोट घालून जेवायची. तक्रार आली की काका सांगायचे, "सरासरी काढा, बावीस भरते." निवृत्त होताना त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि उष्णतेतलं आपल्याला सगळं कळतं हा समज कायमचा मिळाला.

अजगर त्यांच्या मुलीचा, विश्न्याचा. खरं तर अजगराची मादी. नाव किफ्ला. आमच्याकडे सकाळी दुधाबरोबर खातात त्या वळलेल्या पावासारखी दिसते म्हणून. सप्टेंबरात विश्न्याला आठ महिन्यांसाठी स्लोव्हेनियात काम मिळालं. भाड्याच्या खोलीत साप चालणार नव्हता. तिनं पेटी बापाच्या दिवाणखान्यात ठेवली, काचेवर सूचनांचा कागद चिकटवला आणि निघताना म्हणाली, "बाबा, कशालाही हात लावू नका. मी वसंतात येऊन हिला घेऊन जाईन. अशीच्या अशी."

"अगं, मी शहर तापवलंय," काका म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय," विश्न्या म्हणाली.

दोन दिवसांत थर्मोस्टॅट खणात गेला. मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतो. कॉफीला गेलो तेव्हा चटईची तार सरळ भिंतीत खुपसलेली दिसली.

"काका, थर्मोस्टॅट कुठाय?"

"बिघडलेला होता. दर दहा मिनिटांनी बंद पडायचा."

"बंद पडत नव्हता, चटई बंद करत होता. तेच त्याचं काम."

"बाळा, चालू म्हणजे चालू. मध्येच थांबणाऱ्या यंत्राला आम्ही चौतीस वर्षं बिघाडच म्हटलं."

हे झालं खालचं. वरचं काम शेजारच्या पेर्सिदाबाईंनी हातात घेतलं. पेटीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर भोकं बघून त्यांच्या छातीत धस्स झालं. समोरासमोर भोकं म्हणजे प्रोमाया. म्हणजे इकडून शिरून तिकडून जाणारा वारा. आमच्या शहरात मान धरली, दात ठणकला, सून रुसली, परीक्षेत मुलगा नापास झाला, तर आधी खिडकी कोणी उघडी ठेवली होती ते विचारतात.

"अहो शेजारी, बिचारीची पाठ जाईल!" पेर्सिदाबाई म्हणाल्या.

"तिला सगळी पाठच आहे," काका म्हणाले. पण ते उठले, चिकटपट्टी आणली आणि भोकं बुजवली. पुढच्या आठवड्यात बाईंनी जाळीवर घालायला लोकरीचं झाकण विणून आणलं. फुलाफुलांचं, कडेला झालर. टीव्हीवर आहे, फ्रिजवर आहे, मग सापानं काय पाप केलंय?

दर रविवारी विश्न्याचा फोन यायचा. "बाबा, उजवीकडे किती?"

"बत्तीस."

"डावीकडे?"

"सव्वीस."

आकडा दशांशालाही हलायचा नाही. मी एकदा नीट बघितलं. काका चष्मा लावून काचेवरचा सूचनांचा कागद वाचून दाखवत होते. थर्मामीटर कागदाच्या मागे झाकलेला होता.

"काका, हे खोटं झालं."

"खोटं कसं? तिनंच लिहिलंय."

नोव्हेंबरात किफ्ला पाण्याच्या भांड्यात जाऊन बसली ती उठेचना. काका कौतुकानं लोकांना दाखवायचे, "बघा, आंघोळीची किती हौस!" मग तिनं उंदीर खाणं सोडलं. पेर्सिदाबाईंनी निदान केलं, थंडी बाधली. काकांनी पेटी उचलून भिंतीवरच्या गरम पाण्याच्या रेडिएटरला टेकवली. मी काही बोललो की तिघं-चौघं मला गप्प करायची. मला मूल नाही, साप नाही, आणि मी घरात मोजे घालत नाही. माझं कोण ऐकणार?

एकोणीस डिसेंबरला काकांच्या घराण्याच्या संताचा दिवस होता. त्या दिवशी आमंत्रण नसतं, येणारे येतात. उपासाचा दिवस म्हणून मासे आणि भाजलेला राजमा, पण राकियाला, आमच्या फळांच्या कडक दारूला, उपास नाही. एवढ्याशा दिवाणखान्यात एकवीस माणसं, सगळ्या खिडक्या बंद, धूर इतका की संताची तसबीर अंदाजानं ओळखायची. एकानं आपला कोट पेटीवर टाकला, दुसऱ्यानं त्यावर टोपी. मी खिशातून तापमान मोजायची बंदूक काढली, काचेचं सरकतं दार उघडलं आणि उजव्या कोपऱ्यात रोखली.

"त्रेचाळीस," मी म्हणालो.

"कोणाला?" पेर्सिदाबाईंनी विचारलं.

"पेटीच्या तळाला. आणि डावीकडे सदतीस. तिला पळायला जागाच नाही."

काका माशाचा काटा काढत होते. "तुझी बंदूक चिनी आहे. हात लावून बघ, हात खोटं बोलत नाही."

"तुम्हीच लावा."

एकवीस माणसांसमोर माघार कशी घेणार? काकांनी बाही वर केली आणि उजवा पंजा चटईवरच्या तळावर दाबला. त्यांनी तोंड हसरं ठेवलं. दहापर्यंत मोजून होण्याआधी हात उचलला आणि पाठीमागे लपवला. मग त्यांनी किफ्लाला भांड्यातून बाहेर काढलं. ती पट्ट्यासारखी लोंबत होती. काकांनी तिचं पोट वर केलं. पोटाच्या पांढऱ्या खवल्यांवर बोटभर लांब तपकिरी डाग होता, कडेला फोड.

"प्रोमाया," कोणीतरी हलकेच म्हणालं.

"गप्प बस," काका म्हणाले. मी त्यांना कोणत्याही पाहुण्याला असं बोलताना आजवर ऐकलं नव्हतं.

पाहुण्यांना राजम्यापाशी सोडून आम्ही निघालो. काकांनी किफ्लाला उशीच्या अभ्र्यात घालून कोटाच्या आत धरलं होतं. प्राण्यांच्या डॉक्टर ओतिलिया साबो यांनी डाग बघितला, मग काकांकडे बघितलं.

"चटईला थर्मोस्टॅट नव्हता?"

"होता. खणात होता."

"आणि भोकं?"

"बुजवली. वारा लागू नये म्हणून."

"चुरचिन साहेब, ही आफ्रिकेतली आहे, तुमची मावशी नाही. सापाला पोटाखालचं भाजणं वेळेवर कळत नाही. तो तिथंच बसतो आणि शिजतो. तुम्ही काय काम करायचात?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"कारकून होतो," काका म्हणाले.

मलम मिळालं, इंजेक्शनं मिळाली. त्या संध्याकाळी थर्मोस्टॅट खणातून बाहेर आला, चिकटपट्ट्या निघाल्या, पेटी रेडिएटरपासून लांब सरकली. पेर्सिदाबाईंनी लोकरीचं झाकण परत नेलं आणि तीन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. काका आता खुर्ची घेऊन पेटीसमोर बसतात. थर्मोस्टॅटचा दिवा विझला की दचकतात, पण हात लावत नाहीत. भोकं उघडी आहेत. दिवाणखान्याच्या दाराच्या फटीत मात्र टॉवेल कोंबलेला असतो. एकदम सगळं नको, असं त्यांचं म्हणणं.

संताच्या दिवसानंतरच्या रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी चष्मा लावला नाही. "उजवीकडे साडेएकतीस," ते म्हणाले, "डावीकडे सव्वीस. आणि विश्न्या, मी तिला भाजलं."

तिनं एवढंच विचारलं, "खातेय का?"

"काल एक खाल्ला. लहान."

"मी एप्रिलमध्ये येतेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

जानेवारीच्या शेवटी किफ्लानं कात टाकली. काकांनी ती कात खिडकीशी धरून बोटानं चाचपली. किफ्लाच्या पोटावरचा डाग थोडा फिका झाला होता, गेला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दर कातीबरोबर कमी होत जाईल, कधी पूर्ण जातो, कधी खूण राहते. एवढ्यावर काकांचं समाधान होत नाही. दुधाच्या दुकानात, जिन्यात, कॉफीवर, ते मला गाठतात आणि बाही धरून तेच विचारतात.

"तू शिकलेला आहेस. हिशेब करून सांग. एप्रिलपर्यंत अजून किती काती, आणि कितव्या कातीला तो डाग जातो?"