हा कर
हॉटेलात जेवण झाल्यावर बडीशेपेची वाटी समोर आली की नाशिकची आमची कॉलनी आठवते. मी दहावीत होतो. पोरं चोरून प्यायला लागली म्हणून आयांनी ठरवलं होतं, पोरगं कुणाचंही असो, थांबवून तोंडाचा वास घ्यायचा. एका संध्याकाळी गंगापूर धरणावर बिअर पिऊन, मूठभर बडीशेप चावत मी परतलो, तर शेजारच्या काकू फाटकातच उभ्या. "हा कर." मी केलं. "एवढी बडीशेप? जेवलास कुठे?" काकूंनी दंडाला धरून आत नेलं, गरम पिठलं-भाकरी वाढली. "खा. मग आईला तूच सांग." तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. आता पुण्यात एकटा राहतो. कितीही पिऊन आलो तरी दारात कुणी "हा कर" म्हणत नाही.