नावं ठेवणाऱ्यानं ठेवलेलं नाव

आमच्या ह्यांना नावं ठेवायची भारी सवय. चहा पांचट, उशी उंच, शेजाऱ्यांचं दार करकरतं. लिफ्टच्या कारखान्यात बावीस वर्षं सी भाषेत प्रोग्रॅम लिहिले, तिथेही तेच. सी भाषेत लांबलचक गोष्टीला टोपणनाव देता येतं, त्याला टाइपडेफ म्हणतात. हाताखालच्या इंजिनिअर बाईंनी तो वापरला की हे म्हणायचे, "ज्याला कंस वाचता येत नाहीत त्यानं जिना चढावा!"

निवृत्तीला आठवडा उरला आणि साहेबांनी बजावलं, "गुरुवारपर्यंत बाईंना तुमच्या प्रोग्रॅममध्ये सहावा मजला जोडता आला तर ठीक. नाहीतर तो काढून बाहेरचा विकत घेऊ." बाईंनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा एक कंस सुटला आणि गाडं अडलं. हे घरी आले ते तोंड पाडून. बावीस वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, हे मला बघवेना.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. चांदणीची खूण, कंस, पुन्हा कंस, अशी तीच ओळ अकरा ठिकाणी.

"हे काय हो?"

"पत्ता. बटण दाबलं की कुठलं काम बोलवायचं, त्या कामाचा. कामं वेगवेगळी, पण तऱ्हा एकच. मजल्याचा आकडा घ्यायचा, परत काही द्यायचं नाही."

"मग दर वेळी एवढं पाल्हाळ कशाला? मी तुम्हाला 'सासूबाईंचे थोरले चिरंजीव, माझ्या मुलांचे वडील' अशी हाक मारते का? 'अहो' म्हणते. 'अहो' म्हटलं की कधी बरणीचं झाकण उघडतं, कधी माळ्यावरची पेटी खाली येते. आणि उलट उत्तर येत नाही! जन्मभर नावं ठेवलीत, आता एकदा नाव ठेवा."

हे असे हसत सुटले की चष्मा काढून पुसावा लागला. सगळ्यात वर एकदाच टाइपडेफ लिहिला आणि अकराही ठिकाणचं जंजाळ खोडून तिथे एकच शब्द बसवला. कुठला, ते काही मला सांगेनात.

गुरुवारी मला मुद्दाम कारखान्यात नेलं. बाईंनी जेवणाच्या सुट्टीआधीच मजला जोडला होता. साहेब पडद्यापाशी डोकं खाजवत उभे होते.

"बाई, हे 'अहो' काय आहे?"

"हाक मारली की काम होतं, सर," बाई म्हणाल्या. "आणि उलट उत्तर नाही."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. साहेब मात्र खो खो हसले. "राहू दे हाच प्रोग्रॅम," म्हणाले.

मग चाचणीच्या लिफ्टमधून आम्ही दोघं वर गेलो. सहाव्या मजल्याला ती अलगद थांबली, उंबऱ्याला उंबरा लावून. हे वाकून वाकून फट शोधायला लागले, पण फट असेल तर ना!

"अहो, ठेवा की नावं," मी म्हटलं.

"ठेवलंय की," हे म्हणाले.