हनीफभाईंनी भरलेला चुडा

जुन्नरच्या पेठेत महंमद हनीफ मणियारांकडे बांगड्या भरायला बसलेल्या बाईला माप सांगावं लागत नसे. तिच्या हाताची पेरं एकदा दाबली की त्यांना माप कळायचं. वर गप्पा अशा, की बाईचं हसू थांबेपर्यंत मनगट भरलेलं असायचं. त्यांची बायको जहाँआरा म्हणायची, “ह्यांनी लग्नात आधी माझा हात पाहिला, तोंड मागाहून.”

२००३ साली मात्र हनीफभाई स्वतःच्याच दुकानाची वाट चुकले. चहा पिऊन झाला की पुन्हा चहा मागू लागले. लोकांनी म्हातारचळ म्हणून सोडून दिलं, पण जहाँआरा त्यांना पुण्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हा अल्झायमर नावाचा मेंदूचा आजार, बरा होणारा नव्हे. ताज्या आठवणी आधी जातात. जुन्या आठवणी आणि हाताची सवय पुष्कळ दिवस टिकते. त्यांना रोज चालवा, माणसांत ठेवा, हाताला काम द्या. चुकले तर वाद घालू नका.

तेवढ्यात लोणीहून जुन्या गिऱ्हाईक गोजरबाईंच्या नातीचा, समृद्धीचा, चुडा भरायचं बोलावणं आलं. मुलगा हमदान धास्तावला. नवरीच्या हातात काच वाढणं, म्हणजे फुटणं, अशुभ; मग कोण पुन्हा दारात उभं करणार? जहाँआरा म्हणाली, “एकही वाढली तर ह्यांचं दुकानात बसणं बंद कर. मी बोलणार नाही.”

मांडवात ती नवऱ्याला खेटूनच बसली. समृद्धीचा हात हाडापेराचा, अंगठ्याशी जाड. हनीफभाईंनी तो चोळला, दाबला, आणि म्हणाले, “पोरी, तुझी सासू चिडली की कशी दिसते गं?” समृद्धी खुदकन हसली, हात सैल पडला, बांगडी आत. दोन्ही हात भरले, एकही वाढली नाही. जहाँआराला रडावंसं वाटलं, इतकी ती खूश झाली.

मग नातीचा चुडा बघायला गोजरबाई जवळ आल्या. त्यांचे पती गेणभाऊ जाऊन चार वर्षं झाली होती, हात मोकळेच. हनीफभाईंनी तो हात धरला, पेरं दाबली आणि त्यांचा चेहरा उजळला. “ही तर गेणभाऊची नवरी!” कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी हिरवी बांगडी चढवलीसुद्धा.

मांडवात कुजबुज उठली. विधवेच्या हातात हिरवा चुडा! जहाँआरा लाजेनं अर्धमेली होऊन नवऱ्याचा हात धरायला उठली.

“बसा तुमी,” गोजरबाई म्हणाल्या. “भरू द्या त्यांस्नी. माझा पयला चुडा बी त्यांनीच भरला व्हता.”

“गेणभाऊ दिसत नाय कुठं?” हनीफभाईंनी विचारलं.

गोजरबाईंनी क्षणभर डोळे मिटले. “मळ्यात पाण्याची दारं धरत्यात,” त्या म्हणाल्या. “येतील की.”

“लई लाजतो राव तो.”

“लई,” गोजरबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत इतक्या हसल्या, की अख्खा मांडव हसायला लागला. चुडा त्यांनी काढला नाही. लग्नभर त्याच हातांनी पंगतीत वाढत राहिल्या.

घरी हमदान उंबऱ्यातच उभा होता. “किती वाढल्या?”

“एकही नाही,” जहाँआरा म्हणाली. “उलट दोन हात जास्तीचे भरले.”

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानंच वडिलांना दुकानाच्या गादीवर नेऊन बसवलं.