चालू हाय का?

ओव्हाळ बाईंना कुठलीही नवी वस्तू दाखवली की त्या तिची कंपनी विचारत नसत, किंमत विचारत नसत. चष्मा वर सरकवून एकच विचारत, "चालू हाय का?" शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळालं, तेव्हा देणाऱ्यांचं भाषण संपायच्या आत त्यांनी हे विचारलं होतं. यंत्राला नळच जोडलेला नव्हता. तो पुढंही कुणी जोडला नाही. मुलं त्यावर दप्तरं ठेवायची.

बाई शिरूरला आमच्या शेजारी राहायच्या आणि राहू गावाच्या पलीकडच्या एका वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. जायचं म्हणजे दोन एसट्या आणि उरलेला रस्ता कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलत, वर्गाबाहेर पाऊल टाकलं की माहेरचं. स्टँडवर कुणी "जयभीम, बाई" म्हटलं की ओळख पटायच्या आधीच विचारत, "जयभीम. पोरगी शाळंत जाती ना?" त्यांच्या शाळेतली बहुतेक मुलं गुऱ्हाळांवर राबणाऱ्यांची. शाळा सातवीपर्यंत, पुढं मोठ्या गावातलं हायस्कूल.

मी तेव्हा शिक्रापूरच्या एका कारखान्याच्या कार्यालयात होतो. आम्ही जुने संगणक बदलतोय हे कळताच बाई थेट येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक संगणक चालू करायला लावला आणि मगच बोलल्या.

"माझ्या पोरी हायस्कूलला गेल्या की संगणकाच्या तासाला भिंतीला चिकटून उभ्या ऱ्हात्यात. हात लावायला भित्यात, आन् पुढची पोरं हसत्यात. एकदा हसं झालं की पोरगी त्या खोलीत पुन्ना जात न्हाई. मग सर म्हंत्यात, तिला आवड न्हाई. औंदाच्या सातवीचा हात बसवूनच पाठवनार हाय मी."

संगणक न्यायला गावच्या आप्पांनी टेम्पो दिला. ऊस, सोसायटी आणि शाळा समिती या तिन्ही गोष्टी त्या गावात आप्पांच्या घरी नांदत. टेम्पो त्यांचा, म्हणून गावात पोचेपर्यंत दानही त्यांचं झालं. ते आता त्यांच्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ होतं. आमच्या साहेबांना फोटोत जागा मिळणार होती, त्यामुळं त्यांची हरकत नव्हती.

आणि मग संगणक खोलीत गेले, खोलीला कुलूप लागलं. कारण उद्घाटन राहिलं होतं. दिवाळी झाली, संक्रांत झाली. पाहुण्यांना वेळ नव्हता. बाई आप्पांच्या ओट्यावर जाऊन आल्या.

"आप्पा, सातवी चालली की हो."

"जाऊ द्या की बाई. आठवी येईलच."

"आपल्याकडं आठवी न्हाई."

"मग पुढची सातवी," आप्पा म्हणाले. "उद्घाटनाआधी हात लावला तर पाहुण्यांनी काय चालू केलेलं चालू करायचं?"

बाई ओट्यावरून उतरल्या.

शेवटी तारीख ठरली. आदल्या दिवशी, रविवारी, आप्पांनी खोली उघडून गावातल्या पेंटरला आत सोडलं. आपल्याकडं पंख्याच्या पात्यावर, बाकाच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीवर देणाऱ्याचं नाव असतंच. पण संगणकांच्या पाठी भिंतीकडं होत्या, आणि आप्पांनी बजावलं होतं, "दिसलं पाहिजे." बंद पडदे काळेभोर, गुळगुळीत. पेंटरनं त्यांच्या खालच्या भागावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, सुंदर अक्षरात, दोन ओळी लिहिल्या. वर "सप्रेम भेट". खाली "कै." आणि आप्पांच्या वडिलांचं पूर्ण नाव.

मी समारंभाला होतो. फीत कापली गेली, शाली झाल्या, नारळ फुटला. पाहुण्यांना पुढं एक साखरपुडा गाठायचा होता, म्हणून संगणक चालू करायचे राहिले. बाईंना भाषण करायला सांगितलं. त्या उठल्या, पडद्यांकडं पाहिलं आणि खाली बसल्या. लोकांना वाटलं, गहिवरल्या.

नंतर त्यांनी पेंटरला गाठलं. "अरं बाबा, त्यो फळा हाय व्हय?"

"बाई, मला काय म्हाईत? बंद व्हतं. फळ्यावानीच दिसलं. चालू असतं तर लिवलं असतं का?"

बाई मला म्हणाल्या, "ह्या सगळ्या समारंभात त्यो एकटाच खरं बोलला."

एका पडद्यावर त्यांनी थिनरचं फडकं फिरवलं. नाव गेलं, पण काचही दुधासारखी झाली. आप्पांचा निरोप आला, नाव पुसायचं नाही, वडलांचा अपमान होतो. मला इतका संताप आला की मी तक्रार करू म्हणालो. "करा," बाई म्हणाल्या. "चौकशीला लोक येतील, खोलीला सील लागंल. परीक्षा जवळ आलीय."

आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. संगणक सुरू झाला की जिथून पुढचं सगळं उघडतं, ती खूण पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, तळाला. ती बरोबर रंगाखाली गेलेली. बाई सातवीच्या मुलींना शुद्ध पुस्तकी मराठीत सांगत, "बाण 'कै.' या अक्षरावर न्या आणि दाबा." मला म्हणाल्या, "आमच्यात कै. न्हाई, कालकथित लिवत्यात. तसं लांबलचक लिवलं असतं तर खालची आक्खी पट्टी गेली असती. कै. म्हंजी लहान, पोरींच्या ध्यानात ऱ्हातं."

वेळ अर्थातच पुरला नाही. परीक्षा झाली, मुली गेल्या, आणि त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. नंतर त्या खोलीत निवडणुकीचं सामान ठेवलं गेलं असं ऐकलं.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी बाई आमच्याकडं आल्या. स्टँडवर त्यांना त्या सातवीतली एक मुलगी भेटली होती. हायस्कूलच्या पहिल्याच तासाला सरांनी तिला विचारलं, आता कुठं दाबायचं? ती म्हणाली, "कै.वर." सगळा वर्ग हसला. सरही हसले.

जी एक गोष्ट टाळण्यासाठी बाईंनी ते वर्ष घालवलं, तीच झाली होती. आणि तीही आमच्या भेटीमुळं.

"मग?" मी विचारलं. "गेली भिंतीकडं?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "न्हाई. म्हनली, बाई, तिथं 'कै.' नव्हतंच. पन जागा ठावी व्हती. समदी हसतच व्हती, तवर मी तिथंच दाबलं."

"आणि?"

"आनि काय," बाई म्हणाल्या, "चालू झाला."