सुताला तीन मिलिमीटर

काच टेबलावर गोधडी अंथरून आडवी ठेवली होती. काचवाल्यांनी तिच्यावर माझा खाकी कागद पसरला, पेन्सिलीने कड आखली आणि मान वर न करता विचारलं, "भाऊ, दोन्ही बाजू मोजल्या ना?"

"हो," मी म्हणालो.

मी एकच बाजू मोजली होती.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. मांजरी गावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने ती नऊ वर्षं खपून बांधली. रविवारी मी मदतीला जायचो. खाली एका जुन्या छोट्या गाडीची चासी, वर फायबरची बॉडी. दिसायला हुबेहूब परदेशी स्पोर्ट्स कार. अशा गाडीचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. गेल्या महिन्यात ती अंगणात उभी असताना नारळाची झावळी पडली आणि पुढची काच फुटली. काचवाल्यांनी भंगारातून एका जुन्या व्हॅनची काच शोधून आणली. तिचा बाक आमच्या गाडीशी जुळत होता, ती फक्त कापून बसवायची होती. "ही गेली तर दुसरी नाही," हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं.

पूर्वी दादाने हे काम कुणाला करू दिलं नसतं. वर्षभरापासून त्याचे हात थरथरतात. "माप तू घे," तो मला म्हणाला. "तुझ्याइतकं चिकट कोण मोजणार?"

गाडीची उजवी बाजू शेडच्या भिंतीला लागून होती. तिथे हात जात नव्हता. काचेलगतचा डावा खांब मात्र मी तीनदा मोजला. तिन्ही वेळा तीनशे सत्त्याऐंशी मिलिमीटर. मग कागद मधोमध दुमडला, अर्धा आकार कापला आणि घडी उलगडली. डावी तशी उजवी. गाडी ढकलून पुढे घ्यायला पाच मिनिटं लागली असती. ती मी वाचवली.

वरची कड आणि डावी बाजू नीट कापली गेली. अशा काचेचे दोन थर असतात आणि मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. काचवाले कटर तेलात बुडवून वरून एकदा ओढत, काच उलटवून खालून एकदा ओढत, मग बोटाच्या पेराने टकटक करत. चीर पुढे सरकताना बारीक करकर आवाज येई. शेवटी चिरेत स्पिरिट सोडून ते पेटवत. निळसर ज्योत कडेने धावे, पापुद्रा मऊ पडे आणि ब्लेडने पट्टी सुटी होई. खुर्चीत बसलेला दादा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बघत होता.

प्रत्येक टकटकीला मला माझं ते "हो" आठवत होतं. कंपनीत बनलेल्या गाडीच्या दोन बाजू सारख्या असतात. ही माणसाने हाताने बांधलेली होती. काच जास्त राहिली तर घासता येते. कमी पडली तर संपलं.

काचवाले उजव्या बाजूला आले. कटर पुन्हा तेलात बुडवला.

"थांबा!"

माझा आवाज पत्र्यावर आपटला. त्यांनी हात उचलला. "काहून? काय झालं?"

"उजवी बाजू मी मोजलेली नाही."

त्यांनी कटर खाली ठेवला. "मग मघाशी हो म्हणालात, ते कोणाच्या बाजूने?"

काचवाल्यांनी आणि मी गाडी भिंतीपासून ढकलली. मी गुडघ्यांवर बसून टेप लावला. तीनशे चौऱ्याण्णव. पुन्हा लावला. तेवढंच. सात मिलिमीटरचा फरक.

"डावीकडे सत्त्याऐंशी आहे ना?" दादाने खुर्चीतूनच विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"पंधरा इंच चार सूत. फोनवर सांगितलं होतं तुला."

तेव्हा आठवलं. डाव्या खांबाचा पाइप मीच माझ्या ओळखीच्या वर्कशॉपमधून कापून आणला होता. दादा इंच आणि सुतात मोजतो. आठ सुतांचा एक इंच. वर्कशॉपला मिलिमीटर हवे होते, म्हणून मी हिशेब केला: इंचाला पंचवीस, सुताला तीन. खरा इंच पंचवीस पॉइंट चारचा, पण वरचे पॉइंट सोडून दिले. पंधरा इंच चार सुतांत ते साडेसहा मिलिमीटरच्या वर जातात.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"वेल्ड करून झाल्यावर कळलं. मग पहिली काच तशीच वाकडी कापली, रबराखाली फरक झाकला. तुला सांगितलं असतं तर तू पुढच्या रविवारी आला नसतास."

"आणि आज?"

"आज कशाला सांगू? तू 'हो' म्हणालास की."

यात टोमणा नव्हता. त्याने खरंच माझ्यावर विश्वास ठेवला होता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी कागदाचा उजवा अर्धा भाग टाकून दिला आणि नवा कापला. काचवाल्यांनी जुनी रेघ पुसली, नवी आखली. मी डाव्या अर्ध्यावर ३८७ आणि उजव्यावर ३९४ असं ठळक लिहिलं आणि कागद दादापुढे धरला. त्याने मांडीखालून एक हात काढला. बोट थरथरत दोन्ही आकड्यांवरून फिरलं. त्याने मान हलवली.

काचवाले कटर घेऊन माझ्याकडे वळले. "हं. आता म्हणा हो."