रिकाम्या गुडगुडीचं पाणी

भागीरथीने उभ्या आयुष्यात तंबाखूचा एक झुरका घेतला नाही, पण गुडगुडी कशी राखावी हे तिच्याइतकं अख्ख्या बमरोलीत कुणाला कळत नव्हतं. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. मी अनुसया, परभणीकडची. ती धुळ्याकडची, खान्देशी. माझा नवरा दत्तू आणि तिचा नवरा गजेंद्र एकाच शेडमध्ये कापडाचे लूम चालवायचे, बारा बारा तास. मी नवऱ्याचं नाव असं सरळ घेते याचं तिला भारी हसू यायचं. तिच्या घरात कुणी कुणाचं नावच घेत नसे. नवरा तिला "अय" म्हणायचा, चाळ मुलीच्या नावाने "सोनालीनी माय" म्हणायची. भागीरथी म्हणणारी मी एकटीच.

दुपारी तीनच्या सुमाराला आमची चाळ पाण्यात बुडाल्यासारखी व्हायची. माणसं पाळीवर, पोरं शाळेत, आणि चारी बाजूंनी लूमचा एकसारखा खडखडाट. तो इतका एकसारखा की थोड्या वेळाने ऐकूच यायचा नाही, नुसता अंगात उतरायचा. मी उंबऱ्याशी साड्यांचे लोंबते धागे कापत बसायची आणि समोर भागीरथी गुडगुडी खोलायला घ्यायची. खाली पितळी भांडं, त्यात उभी लाकडी दांडी, दांडीच्या डोक्यावर मातीची चिलीम आणि बाजूला ओढायची नळी. सगळं सुटं करून ती ओट्यावर मांडायची. शिळं काळं पाणी मोरीत जात नसे, ते खाटेच्या सांध्यांत जायचं, कारण त्या पाण्यापुढे ढेकूण टिकत नाही. पितळेला चिंच आणि राख. नळीसाठी गजेंद्रने शेडमधून आणलेलं टाकाऊ सूत. त्याचा पीळ करून, लूमच्या फणीतून तार ओढायच्या आकडीने ती तो नळीतून आरपार ओढायची. पहिला पीळ काळा निघायचा, दुसरा तपकिरी. पांढरा निघेपर्यंत ती सोडायची नाही.

चिलमीला मात्र पाण्याचा थेंब लावायचा नाही. ती शेगडीतल्या विस्तवात ठेवायची, आतलं कीट जळून जाऊ द्यायचं, मग चिलीम कुंभाराच्या आव्यातून आत्ता काढल्यासारखी लाल निघते. तंबाखू खाली पडू नये म्हणून चिलमीत एक खडा असतो. तो खडा पांझरा नदीतला होता. सासू धुरपदाबाईने गाव सोडताना पदराला बांधून आणला होता. तीच भागीरथीला हे सगळं शिकवून गेली. शिकवायच्या आधी मात्र नव्या सुनेने एकदा चिलीम कपड्याच्या पावडरने घासली होती. माती साबण प्यायली, आणि सासऱ्याने पहिला झुरका घेतला तो फेसाचा. तेव्हा सासरा भिंतीकडे बघून म्हणाला होता, "आज चिलीममझार कोन कपडा धुई राहिना भो?"

भिंतीकडे बघून, कारण सासरा धुडकूबाबा सुनेशी बोलत नसे. त्यांच्यात तशी रीत. सून डोक्यावरून पदर घेणार, सासऱ्यासमोर तोंड उघडणार नाही, आणि सासराही तिला हाक मारणार नाही. गावाकडे ओसरी असते, परसदार असतं, तिथे ही रीत निभते. इथे दहा बाय बाराची खोली. त्या खोलीत ही दोघं सतरा वर्षं एकमेकांशी एक शब्द न बोलता राहिली. मला याचा मनस्वी राग यायचा. आमच्याकडे सून सासऱ्याशी वेळप्रसंगी भांडतेसुद्धा, आणि भांडली तरी दोन घास जास्त वाढते.

पण राग राग करूनही मी ऐकत बसायची. गुडगुडी भरून, विस्तव ठेवून ती खाटेशी आणून द्यायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. बाबा डोळे मिटून ओढायचे. गुड गुड गुड. मग भिंतीला सांगायचे, पाणी बोटभर जास्त झालं. दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर कमी असायचं. कधी म्हणायचे, दांडीच्या जोडाची चिंधी सुकली, वारा शिरतो. लगेच चिंधी ओली व्हायची. पाणी जमलं की म्हणायचे, "आज पानी बरोबर शे." त्या दिवशी भागीरथीच्या हातून भाकरी जरा जास्तच गोल व्हायची. सतरा वर्षांचं त्यांचं बोलणं हे एवढंच.

गुडगुडी लागली की बाबा कुठेतरी निघून जायचे. पांझरेचं वाळवंट, काठच्या बोरी, बैल पाण्यात उभे, असं काहीबाही पुटपुटायचे. ऐकता ऐकता माझीही कात्री थांबायची. धुराचा तो गोडसर वास, उन्हाचा एक पट्टा, आणि लूमचा आवाज हळूहळू पाण्याचा वाटायला लागायचा. मी परभणीची, मी पांझरा कधी बघितली नाही. तरी ती मला अजून ओळखीची वाटते.

आमच्या दत्तूलाही बाबांनी एकदा नळी दिली होती. नव्याने शेजारी आलो तेव्हाची गोष्ट. दत्तू जन्माचा तंबाखू मळणारा, त्याला गुडगुडी काय ठाऊक. त्याने ओढायच्या ऐवजी फुंकलं. गुडगुडीत फुंकलं की आतलं पाणी दांडीतून वर चढतं, चिलमीत शिरतं आणि विस्तव विझतो. तसंच झालं, चर्र आवाज झाला आणि काळं पाणी दत्तूच्या सदऱ्यावर. चाळ आठवडाभर हसत होती. "वढनी ऱ्हास, फुकनी नही," बाबांनी त्याला समजावलं होतं. हे मी आत्ता सांगून ठेवते, कारण पुढे याची गरज आहे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे शहराला नुकतं झाडलोट करायचं वेड लागलं होतं तेव्हा, बाबांची छाती भरली. चार पावलं चालले की धाप. शेजारच्या पांडेसऱ्याच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि गजेंद्रला बाहेर बोलावून सांगितलं की तंबाखू आजपासून बंद. धूर पुन्हा आत गेला तर हा हिवाळा निघणार नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे गजेंद्रला माहीत होतं. म्हणून त्याने गुडगुडी भंगारात द्यायचं ठरवलं. त्या रात्रीपर्यंत भागीरथीने पितळ असं घासलं की त्यात गजेंद्रचं तोंड दिसायला लागलं. त्याला ती देववेना. वरच्या फळीवर ठेवून तो पाळीला गेला.

बाबांनी त्रागा केला नाही. ते नुसते गप्प झाले. तीन वाजले की त्यांचा उजवा हात खाटेवर काहीतरी चाचपायचा आणि परत मांडीवर यायचा. भाकरी अर्धी उरायला लागली. भिंतीशी बोलणं थांबलं. पांझरा थांबली, बैल थांबले. बारा दिवस त्या खोलीतून मला माणसाचा आवाज आला नाही, आणि तेव्हा मला कळलं की मी ज्याला बोलणं म्हणत नव्हते ते बोलणंच होतं. भागीरथीचा चेहरा उतरला. मला म्हणाली, धुराने मरतील म्हणून धूर बंद केला, आता बिनधुराचेच चालले.

तेराव्या दिवशी तिने फळीवरून गुडगुडी उतरवली. घाण काहीच नव्हती, तरी नेहमीसारखी खोलली. चिंच, राख, सुताचा पीळ. पीळ पहिल्याच खेपेला पांढरा निघाला. चिलीम विस्तवात ठेवून लाल केली, गार केली, खडा आत ठेवला. तंबाखू नाही, निखारा नाही. ताजं पाणी भरलं, जोडाला ओली चिंधी गुंडाळली, आणि रिकामी गुडगुडी खाटेशी ठेवून चुलीकडे तोंड करून बसली.

बाबांनी नळी तोंडाला लावली. गुड गुड गुड. डोळे मिटलेले. पुन्हा ओढलं, छाती वर आली, हळूहळू खाली गेली. नुसती हवा, पाण्यातून धुऊन आलेली. बऱ्याच वेळाने ते भिंतीला म्हणाले, "आज पानी बरोबर शे."

मी भागीरथीला नळावर गाठून चांगलं सुनावलं. म्हाताऱ्याची शुद्ध गेली आणि तू त्याला फसवतेस, हे पाप आहे, असं म्हणाले. ती शांतपणे कळशी भरत होती. तिचं म्हणणं एवढंच, की मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला खोटं सांगितलं नाही, मी फक्त साफ करून जागेवर ठेवली. गजेंद्रलाही वाटलं, बापाचं डोकं गेलं. सगळ्या चाळीला वाटलं. बाबांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मग दिवस तसेच जायला लागले. रोज तीनला गुडगुडी उतरायची, घासली जायची, रिकामी ओढली जायची. धुराचा वास हळूहळू खोलीतून गेला आणि ओल्या पितळेचा, गार मातीचा वास आला. बाबा पुन्हा पांझरेवर जायला लागले. भाकरी पुरी संपू लागली. पाणी बोटभर जास्त, बोटभर कमी. खरं सांगते, धूर असताना ज्या दुपारी नव्हत्या इतक्या गोड त्या दुपारी होत्या. कधीकधी मला वाटायचं की हे सगळं पाण्याच्या तळाशी चाललंय आणि वरून कुणी हाक मारली नाही तर बरं.

हाक मारली ती लोटूने. लोटू म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, बारडोलीच्या साखर कारखान्यावर उसाच्या टोळीबरोबर यायचा. दिवाळीनंतरच्या एका दुपारी तो भेटायला आला, कनवटीला गुळात मळलेली तंबाखू घेऊन. दोघं भाऊ बालपणापासून एका नळीने ओढलेले. गुडगुडी खाटेशीच होती. लोटूने चिलीम उचलून आत बघितलं तर नुसता खडा. तो हळहळला. भावाचे हे हाल, कोरी चिलीम पुढ्यात ठेवून बसवलंय. त्याने स्वतःच चिलीम भरली आणि शेगडीतला निखारा चिमट्याने वर ठेवला.

भागीरथी उठून उभी राहिली. गजेंद्र पाळीवर. समोर सासरा, आणि लोटू चुलतसासरा, म्हणजे दोघांपुढेही तिचं तोंड बंद. पदराचं टोक तिने दातात धरलं होतं. मला कसली रीत, मी उंबऱ्यातूनच सांगितलं की डॉक्टरांनी मनाई केली आहे, एक झुरका जीव घेईल. लोटू वाईट माणूस नव्हता. तो समजुतीने म्हणाला की बाई, भाऊ भावाच्या दारी आला आणि एक झुरका झाला नाही, तर मी कशाला आलो. त्याने एकदा ओढून विस्तव फुलवला. तो गोड वास खोलीभर पसरला आणि बाबांचे डोळे उघडले. लोटूने नळी त्यांच्या हातात दिली.

भागीरथी एक पाऊल पुढे आली आणि थांबली. बाबांनी नळी हातात धरली, निखाऱ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग नळी ओठांना लावली, आणि मी डोळे मिटून घेतले.

गुड गुड झालंच नाही. चर्र आवाज झाला. मी बघितलं तर चिलमीतून काळं पाणी ओघळत होतं, निखारा विझला होता आणि बाबा खाटेवर वाकून खोकत होते. चार पावलांवर धाप लागणाऱ्या माणसाने छातीत होता नव्हता तेवढा श्वास त्या नळीत फुंकला होता.

लोटूच्या डोळ्यांत पाणी आलं. "धुडकू भाऊ, गुडगुडी वढनंबी भुली गया रे तू," तो म्हणाला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. मीही क्षणभर तसंच समजले. दत्तूचा सदरा आठवला, आणि मग भागीरथीकडे बघितलं. तिने दातातला पदर सोडला होता. साठ वर्षं गुडगुडी ओढलेला माणूस फुंकत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

बाबांचा खोकला थांबला. त्यांनी नळी खाली ठेवली. भिंतीकडे बघितलं नाही. मान वळवून सरळ तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "भागीरथी, माय, धुई टाक हाई."

चाळीभोवती त्या वेळी लूम चालूच असणार, पण मला काही ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, "हा, बाबा." तिचा आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच असा मोकळा फुटला होता. लोटू भांबावून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. मी त्याला आमच्याकडे चहाला बोलावलं आणि सगळं समजावलं. जाताना उरलेली तंबाखू त्याने गटारात टाकली.

बाबा त्यानंतर तीन हिवाळे जगले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भिंतीशीच बोलायला लागले, पुन्हा कधी हाक मारली नाही. रीत ती रीत. मला राग आला, पण पूर्वीइतका नाही.

लोटू येऊन गेला त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ ओट्यावर जाऊन बसले. तंबाखूचं पाणी खाटेच्या सांध्यांत गेलं होतं. ती नळीतून सुताचा पीळ ओढत होती. पहिला काळा, दुसरा तपकिरी. तिसरा पांढरा निघाला तरी ती ओढतच होती. मी म्हटलं, बाबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं गं, चिलीम रिकामी आहे ते. तिने मान हलवली, ते तिला केव्हाच कळलं होतं. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. पीळ हातात तसाच धरून ती हळूच म्हणाली, "अनुसया, त्यासले मनं नाव माहीत शे."